बाईआत्या घरातच होत्या

पडलेल्या मुलाला बाईआत्यांनी कधी हात देऊन उठवलं नाही. हैदराबादच्या जामबागेतल्या एका मराठी शाळेत त्या गणित शिकवायच्या. मैदानात कुणी पोर धडपडलं की पदर खोचून तिथवर जायच्या, त्याच्या डोक्याशी उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "लक्ष कुठं होतं?" पोर आपल्या पायांनी उठेपर्यंत त्या तशाच उभ्या. उठलं, की मात्र स्वतःच्या हातरुमालानं त्याचा गुडघा बांधून द्यायच्या. तो रुमाल त्या परत मागत नसत. कोपऱ्यावर निळं फूल भरलेला असा एखादा रुमाल हैदराबादेतल्या कितीतरी मराठी घरांत अजून सापडेल. आमच्याकडे बरेच होते, कारण मी सारखी पडायची.

माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. सगळी शाळा त्यांना 'बाई' म्हणायची, म्हणून आम्हा भावंडांच्या तोंडी 'बाईआत्या' बसलं, आणि 'अहो-जाहो'ही. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर नारायणगुड्याच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या लहानशा फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. चालायच्या इतक्या भरभर, की बरोबरच्या माणसाला बोलता यायचं नाही. आबिड्सला चष्मा दुरुस्तीला जायचं असो की कोठीला भाजी आणायला, रिक्षा नाही. रिक्षावाला शेजारी येऊन "बैठो अम्मा, धूप है" म्हणाला, की त्या म्हणायच्या, "नक्को. तुमसे पहले पहुंचती मैं." जिन्यात कठड्याला हात लावलेला त्यांना खपत नसे. माणूस पडतो तो हलगर्जीपणामुळं, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हातारपणाचा, डोळ्यांचा, औषधांचा त्यात काही भाग असेल, हे त्यांच्या गणितात बसत नव्हतं.

त्यांच्या बहिणीसारख्या एक मैत्रीण होत्या, कुसुमताई. एका वकिलाच्या पत्नी. त्या एकदा देवळाच्या पायरीवर पडल्या. आम्ही भेटायला गेलो तर बाईआत्यांनी पलंगाशी उभं राहून तोच प्रश्न विचारला. कुसुमताई ओशाळून हसल्या आणि म्हणाल्या, "कुठंतरी होतं खरं." त्या हसण्यानं मलाच अवघडल्यासारखं झालं. बाईआत्यांना काही वाटलेलं दिसलं नाही.

मग एका उन्हाळ्यात त्या लांब बाह्यांचे ब्लाउज घालू लागल्या. हैदराबादचा मे महिना, आणि बाह्या मनगटापर्यंत. विचारलं तर म्हणाल्या, "ऊन लागतं." पुढं एकदा हनुवटीवर निळा डाग दिसला. तो कपाटाच्या दाराचा होता म्हणे. नंतर कपाळावर टेंगूळ आलं, तेही कपाटाचंच. मी गमतीनं म्हटलं, "बाईआत्या, ते कपाट विकून टाका. फार मारकुटं आहे." त्या हसल्या नाहीत. चहा गाळता गाळता त्यांनी पाठ माझ्याकडं केली.

घरातही काही बदललं होतं. दिवाणखान्यातल्या खुर्च्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीकडेनं ओळीनं मांडलेल्या, वर्गात मुलं बसवावीत तशा. "झाडायला सोपं जातं," असं त्यांनी सांगितलं. संध्याकाळनंतर त्या पाणी पीत नव्हत्या. महिला मंडळात येणं बंद झालं होतं. नव्या चष्म्यातून पायऱ्या एकात एक मिसळल्यासारख्या दिसतात, असं एकदा बोलता बोलता निघून गेलं, तर लगेच म्हणाल्या, "काचच वाईट दिली चष्मेवाल्यानं." एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर हात टेकत ही बाई न्हाणीघर गाठते आहे, हे त्या ओळीकडं बघून कुणालाही कळलं असतं. पण बाईआत्यांच्या बाबतीत तशी कल्पनाच कुणाच्या मनात येत नसे.

त्या थंडीत, एका सकाळी, शेजारच्या सरोजाम्मा चिंचेचा भात घेऊन त्यांच्या दाराशी आल्या. सरोजाम्मा तेलुगू, आमच्या आत्या मराठी. दोघींचं बोलणं हैदराबादी हिंदीत चालायचं. त्यांनी बेल वाजवली. आत नळ वाहत होता.

"टीचरम्मा, पुळिहोरा लाई मैं."

आतून आवाज आला, "नहा रही मैं. बाद में आओ."

आवाज नेहमीचा, वर्गात घुमायचा तसा. सरोजाम्मा परत गेल्या. दुपारी पुन्हा आल्या तर नळ अजून वाहत होता आणि आतून पुन्हा तेच उत्तर, पण या वेळी बारीक आवाजात. त्यांनी मला फोन केला. माझ्याकडं किल्ली होती.

दार उघडून मी आत गेले. बाईआत्या न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आडव्या पडल्या होत्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. अंगावर भिजलेला परकर, एक पाय विचित्र वळलेला, छातीशी पंचा घट्ट धरलेला. ओठ थंडीनं काळे पडले होते. मी दिवा लावला. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "आधी तो दिवा बंद कर."

मी बंद केला.

"सरोजाला आत येऊ देऊ नकोस. मला... पाणी फक्त नळाचं नाही आहे खाली."

मी त्यांच्या अंगावर लुगडं घातलं, डोकं मांडीवर घेतलं. आयुष्यात त्यांचं डोकं मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहत होते. केस विरळ झाले होते आणि मधला भांग रुंद. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. मी विचारलं, "सरोजाम्मा दाराशी होत्या. हाक का नाही मारली?"

"हाक मारली असती तर आली असती."

"मग?"

"मग असं बघितलं असतं."

एकटीनं त्यांना हलवणं शक्य नव्हतं. शेवटी मी सरोजाम्मांना बोलावलंच. त्या आल्या, काही न विचारता बादलीभर गरम पाणी घेऊन बसल्या, आणि आम्ही दोघींनी त्यांना पुसून, कोरडं नेसवून मगच रुग्णवाहिका बोलावली. त्या सगळ्या वेळात बाईआत्यांनी तोंड भिंतीकडं केलं होतं. स्ट्रेचर जिन्यात आलं तेव्हा त्यांनी सरोजाम्मांचा हात धरला.

"मैं झूठ बोली तुमको," त्या म्हणाल्या. "दो बार."

 सरोजाम्मा नुसत्या बाईआत्यांचा पदर सारखा करत राहिल्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातली डॉक्टर तरुण मुलगी होती, आवाज मऊ. तिनं विचारलं, "आजी, याआधी कधी पडला होतात का?"

"नाही," बाईआत्या म्हणाल्या.  मग छताकडं बघत म्हणाल्या, "हो."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

जन्मभर गणित शिकवलेल्या बाईच्या तोंडून ते ऐकताना मी खाली बघत राहिले. डॉक्टरनं हळूहळू सगळं काढून घेतलं. अंथरुणातून उठताना अंधारी यायची. रक्तदाबाची गोळी वाढवल्यापासून यायची. रात्री उठावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायच्या, त्यानं चक्कर वाढायची. एका डोळ्यात मोतीबिंदू होता. न्हाणीघराची फरशी शेवाळलेली, चपलांचे तळ गुळगुळीत झालेले. आणि पडायच्या भीतीनं चालणं सोडलं होतं, त्यामुळं पायांत जोर उरला नव्हता. "पहिल्यांदा पडलात तेव्हाच सांगितलं असतं, तर गोळी बदलून दिली असती," डॉक्टर म्हणाली. तिच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. बाईआत्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. मोडलेल्या हाडाचं दुखणं त्यांनी निमूट सोसलं होतं, हे वाक्य मात्र त्यांना सोसलं नाही.

शस्त्रक्रिया झाली. घरी आल्या त्या वॉकर घेऊन. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडे बसवले, खरखरीत फरशी घातली, मोतीबिंदू काढला. पण दाराची बेल वाजली की आधी वॉकर पडद्यामागं ढकलायच्या आणि खुर्चीत ताठ बसायच्या. ही सवय शेवटपर्यंत गेली नाही.

चैत्रात महिला मंडळाचं हळदीकुंकू त्यांच्याच घरी ठेवलं, त्या बाहेर पडत नव्हत्या म्हणून. आंब्याची डाळ, पन्हं, मोगऱ्याचे गजरे. बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. कुणीतरी सहज म्हणालं, "बाई, तुमचा पाय घसरला म्हणे."

एवढ्यावर 'हो' म्हणून भागलं असतं. बाईआत्यांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"घसरला नाही," त्या म्हणाल्या. "मी वर्षभर पडत होते. कपाटाचं नाव सांगत होते. सरोजा दाराशी उभी होती आणि मी खाली पडून तिला सांगितलं, मी आंघोळ करतेय. लाज वाटली म्हणून."

हे सारं त्या मान खाली घालून, आपल्या गुडघ्यांकडं बघत बोलल्या. वर्गातला तो आवाज नव्हता. मग त्यांनी मान जरा उचलली. "कुसुम, तुझ्या पलंगाशी उभी राहून मी जे विचारलं, ते विचारायला नको होतं."

कुसुमताई पन्ह्याचा पेला हातात धरून तशाच बसून राहिल्या.  मग एका बाईनं डाळीत मीठ छान पडलंय असं म्हटलं आणि बोलणं दुसरीकडं वळलं. निघताना जिन्यात एकजण माझ्या कानाशी कुजबुजली, "चारचौघींत हे कशाला सांगायचं? शोभत नाही." मला वाटलं, सगळं फुकट गेलं. बाईआत्यांनाही तसंच वाटलं असावं. त्या रात्री जेवल्या नाहीत.

पण काही दिवसांनी जिन्यात कुजबुजलेल्या त्याच बाईचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बरंच बोलून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "ते न्हाणीघरात दांडे कुणी बसवून दिले गं? आमच्या ह्यांच्यासाठी हवेत." 'हे' म्हणजे तिचे यजमान. मी नंबर दिला. पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडं ते दांडे बघायला गेले, तर ते यजमानांसाठी फार खाली लावले होते. तिच्याच उंचीला बरोबर होते.

बाईआत्यांना मी हे सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तिला सांगू नकोस तुला कळलं म्हणून."

पुढच्या वर्षी न्यूमोनियानं त्या गेल्या. हाड मोडल्यापासून रस्त्यावर त्या पुन्हा चालल्याच नव्हत्या.

आता माझीही साठी उलटली. गेल्या महिन्यात आबिड्सला एका दुकानाची पायरी उतरताना मी पडले. कोपर सोलवटलं, पण आधी कोपराकडं न बघता मी इकडंतिकडं पाहिलं, कुणी बघितलं का म्हणून. दुकानातला माणूस "चोट लगी क्या अम्मा" म्हणत धावत आला तेव्हा मी चिडूनच "कुछ नहीं हुआ" म्हणाले आणि लंगडत निघाले. संध्याकाळी लेकीचा बंगळूरहून फोन आला. काय चाललंय, असं तिनं नेहमीसारखं विचारलं. काही विशेष नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

"मी आज पडले," मी म्हणाले. माझे कान तापले होते. ती काही विचारायच्या आत पुढचंही सांगून टाकलं, "पहिल्यांदा नाही."