झाकण बांधलेले टोप

हे आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्याही नाही, आणि तो तर आता गेला. चौथीपर्यंत शिकले मी, गोड लिहायला येत नाही. सरळच लिहिते. तरी हात अडतो — का अडावा?

आमच्यात लग्नघरी भांडं रिकामं जात नाही. मूठभर तांदूळ घालूनच पाठवतात. भावाच्या नातीची हळद होती चिखलोलीला, आमचे मोठे टोप आमच्या गावाहून, जांभूळहून न्यायचे होते. पुतण्या दत्तूने बॅटरीवर चालणारा टेम्पो घेतला होता. मागे जोडायची ट्रॉली आदल्या दिवसापासून आमच्याच अंगणात होती, टोप रचून.

टोपांची झाकणं सुतळीने बांधलेली बघून तो म्हणाला, "काकी, आत काय भरलंस? ट्रॉली धरून तीनशे किलोच वजन ओढायचं हाय. शोरूमवाल्याने बजावलंय."

"रीतीचे मूठभर तांदूळ," मी म्हटलं. "तुझी गाडी काय बकरी आहे, तेवढ्याने बसायला?"

"बकरी निदान ओरडते, काकी. ही गपचूप मरते."

मूठभर नव्हते. गोण्याच्या गोण्या ओतल्या होत्या मी, त्यात तेलाचे डबे उभे केले होते. दुसरी फेरी म्हणजे पुन्हा चार्जिंग, पुन्हा वाट बघणं. मला थांबायचं नव्हतं. एवढंच. याहून मोठं कारण शोधलं — सापडलं नाही.

वाटेत तो म्हणाला, "जड लागते गं." मी शेजारीच बसले होते. तेव्हा तरी सांगता आलं नसतं का? म्हटलं, "चल, हळदीला उशीर होतोय."

पुलाच्या उतारावर ट्रॉलीने मागून रेटलं. त्याने ब्रेक दाबला, मी पाहिलं. गाडी थांबली नाही, त्याच्या बाजूने कठड्याला घासत गेली. मला खरचटलं. त्याचा पाय गुडघ्याखालून कायमचा गेला.

त्याला दवाखान्यात नेलं. टोप दुसऱ्या गाडीने पोचले, वजन कुणी विचारलं नाही. त्याच तांदळाचा भात शिजला. मीही जेवले.

सगळे म्हणाले, दत्तूने गाडी पळवली. त्यालाही तेच खरं वाटतं. टेम्पो विकला, आता एका बिल्डिंगच्या गेटवर बसतो. परवा गेले होते त्यांच्याकडे. त्याची बायको चहा देताना म्हणाली, "यांच्या हातात मी सायकल पण देणार नाही."

"बरोबर बोलते ती, काकी," दत्तू म्हणाला. "घाई माझीच झाली."

मी बशीत चहा ओतला आणि प्याले.