जहाजवाल्या वहिनी

‘मास्तरीणबाई, तुम्हालेच सांगून राहिली मी. दुसऱ्या कोणाले नाही.’

वहिनींनी हे वाक्य म्हटलं की समजायचं, गोष्ट सुरू झाली. म्हणताना त्यांचं तोंड मात्र माझ्याकडे नसायचं. ते आतल्या खोलीच्या दाराकडे वळलेलं असायचं, आणि आवाज असा चढलेला की मी ठार बहिरी आहे असं खालच्या मजल्यावरच्यांना वाटावं.

कोराडीच्या कॉलनीत आमची दारं समोरासमोर होती. मी शाळेत शिकवत होते, त्यांचे यजमान वीज केंद्रात कोळशाच्या विभागात होते. टीव्ही तेव्हा नवा नवा होता आणि आमच्या जिन्यावरचा पहिला टीव्ही वहिनींकडे आला. रविवारी सकाळी त्यावर एक इंग्रजी मालिका लागायची. ताऱ्याताऱ्यांतून फिरणारं एक जहाज, त्यावरची माणसं, दर आठवड्याला नवा ग्रह आणि नवं संकट. मी रविवारी सकाळच्या बसने नागपूरला आईकडे जात असे, त्यामुळे मी ती मालिका पाहिली नाही. ऐकली. सोमवारी शाळेतून आल्यावर, वहिनींच्या बैठकीत, त्यांच्यासोबत सांबार निवडता निवडता. (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. इतर भागांतल्या वाचकांनी दचकू नये.)

वहिनींना इंग्रजी अजिबात येत नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं. त्या चेहरे बघायच्या. जहाजाचा कप्तान म्हणजे ‘पाटील’. डोक्यावर दिवा असलेला यंत्रमानव म्हणजे ‘लोखंडी पोट्टा’. ‘पाटील मनाचा साधा आहे जी,’ त्या सांगायच्या, ‘पन बायकोशिवाय फिरते, म्हणून चिडचिड करते.’ टीव्ही काळापांढरा, अँटेना वाऱ्याने फिरणारा. पडद्यावर कायम ठिपके नाचायचे. त्यातल्या चांदण्या कुठल्या आणि अँटेनाच्या खोड्या कुठल्या, हे ओळखायचं कसब त्यांच्या एकट्याकडे होतं.

त्यांची एक तक्रार मात्र कायम राहिली. ‘एवढं मोठं जहाज, पन त्याच्यात चूल नाही. हे लोक जेवतेत कधी? आन् भाकरी कोण थापते? दाखवाले नको?’

आता त्या आतल्या खोलीबद्दल सांगायला हवं.

तिथे खाटेवर त्यांच्या सासूबाई होत्या. आम्ही त्यांना आजी म्हणायचो. कंबरेचं हाड मोडल्यापासून त्या उठू शकत नव्हत्या. वहिनी त्यांचं सगळं करायच्या. अंघोळ, जेवण, वेणीफणी, सगळं वेळच्या वेळी. वाळ्याच्या ताट्यांचा कूलरसुद्धा बैठकीत न लावता आजींच्या खिडकीला लावला होता. फक्त एक गोष्ट नव्हती. वहिनी सासूशी बोलत नव्हत्या. कित्येक वर्षं एक शब्दही नाही. ताट समोर ठेवताना भांड्याचा आवाज करायच्या, तोच निरोप.

कारण मला त्यांनी एकदाच सांगितलं, तेही कूलरमध्ये पाणी भरताना, माझ्याकडे न बघता. कुहीकडच्या गावी त्यांची धानाची, म्हणजे भाताची, शेती होती. लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात रोवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असताना वहिनींच्या माहेराहून माणूस आला. वडील फार आजारी आहेत, लेकीला पाठवा. निरोप सासूने घेतला आणि दाबून ठेवला. बांध्यांत, म्हणजे भाताच्या वाफ्यांत, पाणी साचलेलं, पऱ्हं म्हणजे रोपं लावणीला आलेली, आणि माणसं मिळत नव्हती. रोवणी आटोपल्यावर सांगितलं. वहिनी पोचल्या तेव्हा वडिलांचं सगळं उरकलेलं होतं.

‘तेव्हापासून शब्द सरले माझे तिच्यासाठी,’ वहिनी म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या.

आणि तरीही दर सोमवारी त्या घसा ताणून गोष्ट सांगायच्या. मला. दुसऱ्या कोणालाही नाही.

काही आठवड्यांनी आतून खाकरणं ऐकू आलं. मग आजींचा आवाज, अर्थात माझ्या नावाने. ‘काय वं पोरी, इचार तिले, त्या लोखंडी पोट्ट्याले भूक लागते का नाही?’

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. मला प्रश्न पुन्हा विचारावा लागला. तेव्हा त्या मला म्हणाल्या, ‘काहून नाही लागत? तेल पेते तो. वाटीभर.’

‘कशाचं तेल, इचार.’

‘जवसाचं!’

असा आमचा कारभार सुरू झाला. दोघींच्या मधे हातभर रुंदीचं दार, आणि प्रश्न नेणारी-आणणारी मी. पुढे पुढे आजी जुने भाग पुन्हा मागू लागल्या. ‘ते बर्फाच्या गावाचं सांगाले लाव तिले. मागच्या खेपी माझी झोप लागली होती.’ झोप वगैरे काही लागलेली नसायची. आणि वहिनींनी पुन्हा सांगितलेला भाग पहिल्यासारखा कधीच नसायचा. पहिल्या खेपेला बर्फात गोठलेला म्हातारा दुसऱ्या खेपेला शेकोटीपाशी बसवून जिवंत केला जायचा, कारण पहिल्यांदा आजींनी आतून ‘अरेरे’ म्हटलेलं असायचं.

मग तो सोमवार आला.

वहिनी नेहमीच्या वाक्याने सुरू झाल्या, पण आवाज चढला नाही. ‘या खेपी जहाजावर एक तरुण बाई आहे. तिचा बाप दूर दुसऱ्या ताऱ्यावर राहते. तो लय बिमार पडते. तिकडून निरोप येते, की लेकीले पाठवा. पन तो निरोप तिच्या हाती पडत नाही. जहाजावरची एक मोठी बाई असते, तिच्या हाती पडते.’

माझ्या हातातली काडी तशीच राहिली. आतली खाट करकरली.

‘ते मोठी बाई निरोप पदराखाली ठेवते. काम अर्धं राहीन म्हणून. काम सरल्यावर सांगते. पोरगी जाते, तं तिथं काहीच नसते. नुसती जमीन.’

बाहेर कोळशाचा ट्रक चढावर घुमत होता. मग आजी बोलल्या. ‘पोरी’ नाही, ‘इचार तिले’ नाही.

‘त्या मोठ्या बाईनं काहून केलं असं, ते दाखवलं का?’

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. या खेपेला मी प्रश्न पोचवणार नव्हते.

‘नाही दाखवलं,’ वहिनी दाराकडे बघून म्हणाल्या.

‘तिले वाटलं असन, माणूस बिमार पडते, उठते. आपला बुढा उठला होता, तसा हिचाही बाप उठन. दोन दिवसानं काय होते? बांध्यातलं पाणी उतरून राहिलं होतं, पऱ्हं पिवळं पडून राहिलं होतं, रोवणीले हात नव्हते...’

आणि मग वहिनींनी थेट सासूलाच हाक मारून जे विचारलं ते मी कधी विसरणार नाही.

‘जहाजात कुठची रोवणी, आत्याबाई?’

आधी आजीच हसल्या. सुकं, दम लागलेलं हसू. वहिनीही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडात कोंबला. आतून आवाज आला, ‘चुकलं वं माझं. तवाच समजलं होतं, तोंड उघडलं नाही.’

वहिनी उठून आत गेल्या. मी निवडलेला सांबार ताटात तसाच ठेवला, दार लोटून घेतलं आणि माझ्या घरी आले.

दुसऱ्या दिवशी आजींची खाट बैठकीत आली, टीव्हीच्या समोर. पुढच्या रविवारी आजींनी ती मालिका प्रथमच डोळ्यांनी पाहिली आणि सोमवारी माझ्याकडे तक्रार केली. ‘हे तं नुसते एकमेकावर ओरडतेत. हिचं जहाज चांगलं होतं.’

‘मंग डोळे मिटून घ्या,’ वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘मी सांगतो.’

आजी त्यानंतर दोन उन्हाळे होत्या. ती दोन वर्षं त्या घरातून बोलण्याचा जो आवाज यायचा, त्याने अभ्यासाच्या वह्या तपासणं मला अवघड झालं होतं. दोघी भांडायच्यासुद्धा, अगदी मोकळेपणाने. आजी गेल्या तेव्हा वहिनींनी कोणालाही त्यांच्या केसांना हात लावू दिला नाही. वेणी स्वतः घातली.

काही वर्षांनी तीच मालिका पुन्हा दाखवायला लागले. आता माझ्याकडेही टीव्ही होता, आईही माझ्याकडेच राहायला आली होती. एका रविवारी पडद्यावर तो भाग आला. मोठी बाई, तरुण बाई, हातात संदेशाचा कागद. मी चहा बाजूला ठेवून पाहू लागले. संवाद मला नीट कळत होते. त्यात बाप नव्हता, आजार नव्हता. तरुण बाईला बढती मिळाली होती. मोठ्या बाईने ती बातमी, थोडी गंमत करावी म्हणून, वाढदिवसापर्यंत लपवली होती. तरुण बाई आनंदाने रडत होती.

मी तशीच समोर गेले. वहिनी त्यांच्या टीव्हीपुढे बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, ‘बसा. तुम्हाले इंग्रजी येते. त्या पोरीले खरं काय भेटलं, सांगा.’

‘बढती.’

‘असं का.’ त्या थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. ‘चांगलंच काही भेटलं आहे, हे तं तवाही दिसत होतं मले. अशा दुःखात कोणी असं रडत नाही.’

‘मग तुम्ही...’

‘आता जहाज पाहू द्या, मास्तरीणबाई.’

यजमान निवृत्त झाल्यावर ती दोघं कुहीकडे, गावी गेली. मालिकेचे काही भाग अजून उरले होते. मी वहिनींशिवाय बघायची. प्रत्येक शब्द कळायचा, पण गोष्ट काही रंगायची नाही. शेवटचे दोन-तीन मी पाहिलेच नाहीत.

वहिनींची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. यजमान मात्र एकदा पेन्शनच्या कामासाठी कोराडीला आले होते. फार न बोलणारा माणूस. चहाला बसले. मी विचारलं, गावी टीव्ही चालतो का?

‘टीव्ही आहे, लाइन नाही,’ ते म्हणाले. ‘पन आयतवारी बाया जमतेत आंगनात. तुमची वहिनी सांगते त्याहिले.’

‘काय सांगतात?’

‘तेच. जहाजाचं. आता तं त्याच्यात चूल बी आहे, अन् आमची आई बी आहे.’

‘आजी? जहाजात?’

‘हो नं.’ त्यांनी बशीतला चहा संपवला. ‘समोरच्या खुर्चीवर बसते. तिले इचारल्याबिगर पाटील जहाज हालवत नाही.’