कृष्णाजीरावांचं पाणी

कृष्णाजीरावांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. “तुमच्या किटलीच्या तळाला पांढरं किती दिवसांत बसतं?” असं विचारलं. नागपूरहून कानडी मुलखातल्या हेब्बाळच्या या इमारतीत येऊन मला दोनच दिवस झाले होते. फाटकाशी पाण्याचा टँकर उभा होता आणि सत्तरीचा एक किडकिडीत माणूस त्याचं पाणी काचेच्या नळीत धरून त्यात औषधाचे थेंब टाकत होता. थेंब मोजायचे कानडीत, टँकरवाल्याशी भांडायचं कानडीत, आणि माझी मराठी ऐकल्याबरोबर माझ्याशी मराठीत. नळीतलं औषधानं लाल झालेलं पाणी निळं व्हायला फार थेंब लागले. “जड आहे. आठवड्यात बसेल बघा,” ते म्हणाले. आठव्या दिवशी किटली पांढरी झाली.

तळमजल्यावर आमची दारं समोरासमोर. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलेलं आणि इथलंच झालेलं. त्यांच्या मराठीत ‘मी केलो, मी बघितलो’ असायचं, मधेच ‘थोडं’च्या जागी ‘स्वल्प’ आणि ‘बरं’च्या जागी ‘सरी’ डोकवायचं. मला ते ‘अम्मा’ म्हणत. इथे लेकीच्या वयाच्या बाईलाही मायेनं तसंच म्हणतात. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, मीही म्हणू लागले. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लोखंडी भागांवर निकेलचा मुलामा चढवायच्या टाक्या होत्या. त्यांतलं द्रावण बिघडू न देणं हे अण्णांचं तीस वर्षांचं काम. “दिसायला निर्मळ तेच जास्त चावतं, अम्मा,” असं म्हणून ते मनगटावरचा जुना डाग दाखवायचे.

आता त्यांच्याकडे एकच टाकी उरली होती, हॉलमधली माशांची. चार फूट लांब, आत हिरवीगार पाणवनस्पती आणि निळ्या-लाल पट्ट्यांचे अकरा निऑन मासे. ती अक्कासाठी होती. अक्का म्हणजे त्यांची बायको. तिला सहा-सात वर्षांपासून काही आठवेनासं झालं होतं. स्वतःच्या घरात बसून ती दिवसभर “घरी चला की” म्हणायची, दाराशी जायची, कडी ओढायची, रडायची. टाकीसमोर खुर्चीत बसवली की मात्र शांत व्हायची. हा शोध लागला त्या दिवशी आपण किती वर्षांनी गरम कॉफी प्यायलो, हे अण्णांनी मला दोनदा सांगितलं होतं.

त्या टाकीवर त्यांनी जीव पाखडला. टँकरचं पाणी जड आणि नळाला येणारं कावेरीचं मऊ, म्हणून दोन्ही ठरावीक मापानं मिसळून ड्रममध्ये दोन दिवस ठेवायचं, क्लोरीन उडू द्यायचा, मग आठवड्याला दोनच बादल्या बदलायच्या. दिव्याचंही तसंच, त्याला टायमर लावलेला. सकाळी आठ ते बारा, मग चार तास अंधार, पुन्हा चार ते आठ. त्याहून जास्त उजेड मिळाला की शेवाळ माजतं, काच हिरवी होते आणि अक्काला काही दिसत नाही. दुपारच्या अंधारात अक्का गोळी घेऊन झोपायची. अण्णा तेव्हा भांडी घासायचे. “थकलो असं म्हणायलापण स्वल्प वेळ लागतो की,” ते म्हणायचे. मी घरून काम करत होते, दिवसभर स्क्रीनसमोर बसून माझंही डोकं बधिर झालेलं असायचं. चार वाजता आम्ही दोघं त्यांच्या दारात उभ्याउभ्या चहा घ्यायचो.

त्यांची एक वही होती. कारखान्यातली सवय. एकदा त्यांनी मला ती कौतुकानं दाखवली. ‘सकाळी १०.२०. आडवा झालो. १०.३०, अक्का बेचैन. पाणी तपासलो, पीएच स्वल्प वर. एक बादली बदललो, काच पुसलो. १०.५०, अक्का शांत.’ पानंच्या पानं अशी. कधी दिवा दोन इंच वर घेतला, कधी कुजकं पान काढलं, कधी झाडं छाटली. आणि दर वेळी शेवटी ‘अक्का शांत’. त्यांचं म्हणणं, अक्काला पाण्यातला फरक कळतो, यंत्रापेक्षा आधी कळतो. पाणी एकदा पक्कं जमलं की ती चार तास हलणार नाही आणि आपल्याला रोज निवांत पडता येईल. त्यांना माशांचा छंद नव्हता. त्यांना झोप हवी होती.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. पाच दिवस दवाखान्यात. अक्काचं सगळं करायला मंजुळा नावाची बाई यायचीच, ती रात्रंदिवस राहणार होती. टाकी माझ्याकडे आली. “तीनच गोष्टी,” अण्णा जाताना म्हणाले. “दिवा माझ्या वेळेवर. पाणी ड्रममधलं. आणि फिल्टरला हात लावायचं नाही. त्याच्या स्पंजात जंतू असतात, माशांची घाण तेच पचवतात. स्पंज काळा दिसेल, दिसू दे.”

पहिल्याच सकाळी अक्का टाकीसमोर बसेना. “घरी चला की” सुरू झालं. मी दिवा खाली घेतला, वर घेतला. बारा वाजता दिवा गेला तशी ती आणखी रडू लागली, म्हणून मी लावून ठेवला. मला ते ऐकवत नव्हतं. चारही दिवस दिवा सकाळपासून संध्याकाळपर्यंत जळत राहिला आणि अक्का तरीही दाराची कडी ओढत राहिली. चौथ्या दिवशी काच हिरवीगार, झाडांवर शेवाळाचे केस. त्यातच टँकर आला नाही आणि मंजुळानं ड्रममधलं पाणी अक्काच्या आंघोळीला वापरलं. तिची काय चूक? माणूस आधी.

दवाखान्यातून माणूस घरी यायचा म्हणजे घर लख्ख पाहिजे, हे आमच्या आईनं आम्हाला मारून मुटकून शिकवलेलं. पाचव्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. मी पदर खोचला आणि कामाला लागले. काच घासली. निम्म्याहून जास्त पाणी उपसून नळाचं भरलं. आणि तो काळा स्पंज मला बघवेना. नळाखाली धरून पिळून पिळून पिवळाधमक केला. टाकी अशी झळाळत होती की मी तिचा फोटो अण्णांना पाठवला.

अण्णा दुपारी आले. फोटो बघून रिक्षा मिळेपर्यंतसुद्धा धीर धरला नव्हता त्यांनी, कुणाच्या तरी गाडीतून आले. तोवर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत होते. अण्णांनी पोटावर हात दाबून धरला, दुसऱ्या हातानं थेंब टाकले आणि खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अकराच्या अकरा गेले. मी त्यांच्या टाकीसमोर उभी राहून लहान मुलीसारखी रडले. “सरी, सरी,” ते म्हणाले, “डोळ्यांतलं पाणी टाकीत पडू देऊ नको. मिठाची पण परीक्षा करावी लागेल मला.” रागावले असते तर बरं वाटलं असतं. रागावण्याइतकी ताकद त्यांच्यात नव्हती.

मग मेलेले मासे काढायला त्यांनी बाही वर करून हात पाण्यात घातला. मंजुळा अक्काला तेव्हाच हॉलमध्ये घेऊन आली होती. अक्का खुर्चीत बसली आणि गप्प झाली. अण्णा दवाखान्यात गेल्यापासून पहिल्यांदा. टाकीत एक मासा नव्हता. अण्णांनी हात बाहेर काढून पंच्याला पुसला, तशी ती चुळबुळली, “घरी चला की.” त्यांनी हात परत घातला. ती शांत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा हात काढला, थांबले, पुन्हा घातला. तीस वर्षं द्रावणं तपासण्यात घालवलेला माणूस होता तो. तीनदा करून बघितल्याशिवाय मानणार नव्हता.

“मला ठाऊक होतं,” मंजुळा कानडीत म्हणाली. “अज्जी अण्णांनाच बघत बसतात. मासे कुठे बघतात त्या?” मग इतके दिवस बोलली का नाहीस, असं मी विचारलं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

इथे अण्णांचे डोळे भरून आले, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. ते कोपरापर्यंत हात बुडवून तसेच वाकून उभे राहिले, ऑपरेशनच्या ताज्या टाक्यांवर ताण येत असताना. म्हणाले, “म्हणजे मी झोपलो की ती उठते, इतकंच होतं होय. पाणी पहिल्यापासून बरोबर होतं.” आणि मग, “म्हणजे सुट्टी नाही मला, अम्मा.” इतका थकलेला आवाज मी कुणाचा ऐकलेला नाही. मी त्यांच्या कमरेमागे स्टूल सरकवलं, ते त्यावर बसले आणि हात पाण्यातच ठेवला.

मासे त्यांनी परत आणले नाहीत. वहीही बंद झाली. दिव्याच्या वेळा मात्र तशाच राहिल्या, कारण झाडं होती आणि काच स्वच्छ लागायची. सकाळी आठला स्टूलावर बसायचे, कधी झाड छाटायचे, कधी नुसतंच पाणी ढवळायचे. बोटं सुरकुतून पांढरी व्हायची. एकदा मी म्हटलं, “अण्णा, नुसते शेजारी बसा ना, हात कशाला भिजवता?” तर म्हणाले, “नुसतं बसलो की डुलकी लागते. लागली की ती दाराशी.” पुढे दहा महिने ते असे बसले. फेब्रुवारीत एका दुपारी, दिवा बंद असताना, भांडी विसळून खाटेवर आडवे झाले ते उठले नाहीत. डॉक्टर हृदयाचं म्हणाले. मला वाटतं, ते झोपले.

अक्काला न्यायला मुलगी मैसूरूहून निघाली होती, ती पोचायला संध्याकाळ होणार होती. अक्काला काय झालंय ते कळलं नव्हतं. ती दाराची कडी ओढत होती आणि मंजुळा रडत तिला धरत होती. चार वाजता दिवा आपोआप लागला. मला दुसरं काही सुचलं नाही. मी तिला खुर्चीत बसवलं, बाही सारली, स्टूलावर बसले आणि हात पाण्यात घातला. पाणी गार होतं. अक्का थांबली. माझ्या हाताकडे बघत राहिली. झाडांमधून मी बोटं सावकाश फिरवली, अण्णा फिरवायचे तशी.

मग तिनं नजर वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“तुम्ही उठा,” ती अगदी मऊपणानं म्हणाली. “ही आमच्या ह्यांची जागा आहे.”