फोनच्या आधी कापलेला बांबू

भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी याआधी दोनदाच लिहिलंय, आणि दोन्ही वेळा दुसऱ्याचा अनुभव खोडून काढायला. लिफ्टमधल्या बाईच्या पोस्टखाली ‘आधी वायरिंग तपासा’ असं लिहिणारी ती मीच. तेव्हा आज मला जे काही ऐकवायचंय ते खुशाल ऐकवा… माझी हरकत नाही.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. अजूनही नाही. आई शाळेत शिक्षिका होती, आणि आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, पाण्यासाठी. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्या पत्रकांवर. पंधराव्या वर्षी पहिलं पत्रक स्वतः लिहिलं आणि मंडईत उभी राहून वाटलं. आता सव्वीस वर्षांची आहे, दिवसा मुद्रितशोधन करते आणि पत्रकं अजून लिहिते.

आणि आमचं दुकान आहे अंत्यविधीच्या सामानाचं. नारायण पेठेत, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, जेमतेम आठ बाय चौदाचं. पणजोबा तिथे बांबूच्या शिड्या विकायचे. हळूहळू शिड्यांपेक्षा तिरडीचे बांबू जास्त जायला लागले आणि दुकानाचा धंदाच बदलला. आजोबांनी मडकी, कापड, गुलाल, गवत असं सगळं एका जागी आणलं. बाबांनी फोन घेतला, व्हॅन घेतली आणि आत एक पाटी लावली: ‘उंची अंदाजे सांगू नये. मोजून सांगावी.’

दुकानाचे नियम दोन-तीनच. गिऱ्हाइकाला ‘परत या’ म्हणायचं नाही. गेलेल्या माणसाचं नाव विचारायचं नाही — उंची विचारायची, आणि बाई असेल तर ‘सवाष्ण?’ एवढंच, कारण सामान वेगळं लागतं. (या प्रश्नावरून माझं आणि बाबांचं कॉलेजपासून भांडण आहे. मेल्यावरही बाईला नवऱ्यावरूनच का मोजायचं? बाबा म्हणतात, “मी मोजत नाही गं, हिरवी साडी द्यायची की नाही ते विचारतो.”) आणि तिसरा नियम पणजोबांचा. तिरडी आधी बांधून ठेवायची नाही, बांबूसुद्धा आधी कापायचा नाही. तयार तिरडी दारात उभी असणं म्हणजे आपण कुणाची तरी वाट बघतोय.

आता मुद्द्यावर येते.

गेल्या वर्षी मी एक पत्रक लिहिलं, ‘मरणाचे दलाल’. काही दवाखान्यांतून पेशंट गेल्याबरोबर, कधीकधी घरच्यांच्याही आधी, असल्या दुकानांना खबर जाते आणि त्यात कुणाकुणाचा वाटा असतो, त्याबद्दल. चांगलं फिरलं ते. दोन महिन्यांनी तेच पत्रक घेऊन आपटे नावाचे एक गृहस्थ आमच्या दुकानात आले. मी तिथेच होते. त्यांची आई आदल्या आठवड्यात गेली होती.

“हे आपणच लिहिलंत ना?” त्यांनी मला विचारलं. “छान लिहिलंय. आता हे आपल्या वडिलांना वाचून दाखवा. मी फोन केला तेव्हा यांचं सामान तयार होतं. व्हॅन दहा मिनिटांत दारात. आणि बांबू बरोबर आईच्या मापाचा. मी उंची सांगायच्या आधी कापलेला. कोण कळवतं यांना?”

बाबांनी ते नाकारलंही नाही. मला तेच लागलं.

घरी गेल्यावर मी सरळ सांगितलं, “बाबा, हे खरं असेल तर पुढच्या पत्रकात तुमचं नाव छापीन.”

“छाप,” बाबा म्हणाले. “फक्त नीट छाप. मागच्या पत्रकात तिसऱ्या परिच्छेदात दोन चुका होत्या.”

आई आतून म्हणाली, “तीन.”

मी गंमत म्हणून बोलले नव्हते. दुसऱ्यांचे बाप दलाल असले की पत्रक काढायचं आणि आपला निघाला की गप्प बसायचं, हे मला जमणार नव्हतं. पण छापायला पुरावा लागतो. म्हणून मी लॅपटॉप घेऊन दुकानात बसायला लागले. बाबांचा मोबाइल माझ्या ताब्यात घेतला. दुसरं सिम असेल म्हणून त्यांच्या शर्टाचे खिसे तपासले… हो, स्वतःच्या बापाचे. चहावाला निरोप आणत असेल म्हणून चहा मीच आणायला लागले. बाबा बघायचे आणि पेपर वाचायचे. एकदा फक्त म्हणाले, “चपला राहिल्यात. त्यांत असेल बघ.”

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला पेपर वाचता वाचता ते उठले. पणजोबांचा नियम मोडून बांबू ओढला, खडूनं खूण केली, करवत घेतली. तो सबंध वेळ मी समोर बसून होते. फोन आला नव्हता, कुणी आलं नव्हतं. पस्तीस मिनिटांनी फोन वाजला. बांबू मापाचा निघाला.

मी स्वतःला समजावलं. एवढ्या मोठ्या शहरात रोज माणसं जातात, त्यातली काही आमच्याकडे येणारच. आणि बहुतेकांची उंची पाच ते पावणेसहा फुटांतच असते. तिरडी काही शिंप्याचं काम नव्हे, चार बोटं इकडेतिकडे चालतं. मग सहाव्या दिवशी बाबांनी सहा फूट चारच्या मापानं बांबू कापला. इतका लांब कापलेला मी कधी पाहिला नव्हता. तासाभरात माणूस आला, म्हणाला, “वडील जरा उंच होते हो…”

त्या दिवशी पहिल्यांदा मी प्रश्न बदलला. “कोण सांगतं?” असं न विचारता म्हटलं, “बाबा, कसं कळतं?”

“कळत नाही. हात उठतो. तुझ्या आजोबांचाही उठायचा.”

मग त्यांनी सांगितलं. पणजोबांच्या वेळी आळीतले लोक म्हणायचे, याला भुतं येऊन सांगतात. दुकानासमोरून जाताना पोरांना पलीकडच्या बाजूनं न्यायचे. आजोबांच्या वेळी म्हणायला लागले, याचं डॉक्टरांशी संधान आहे. पेठेतल्या एका डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. आणि आता म्हणतात, वॉर्डबॉय कळवतो. संशय पिढीगणिक शहाणा होत गेला, एवढंच. आणि सगळ्यांत शहाणा संशय आता घरातच, लॅपटॉप घेऊन बसला होता.

मी भडकले. “कळतं ना तुम्हाला? मग सांगत का नाही? कुणाला तरी वाचवता आलं असतं!”

“कुणाला सांगू?” बाबा म्हणाले. “उंची कळते, पत्ता कळत नाही. घरच्यांना फार थांबावं लागत नाही, एवढाच काय तो उपयोग.”

उत्तर पाठ केल्यासारखं वाटलं मला. पोलिसांसमोर द्यायला बेतून ठेवल्यासारखं. त्या रात्रीच मी पत्रकाचा मसुदा लिहून काढला, बाबांचं नाव घालून. छापायच्या आधी एकच चाचणी उरली होती. त्यांना दुकानापासून आणि फोनपासून पूर्ण तोडायचं.

संधी लगेच मिळाली. लोणी काळभोरला बाबांच्या मावसभावाच्या नातीचं बारसं होतं. व्हॅन नेण्याचा प्रश्नच नव्हता, बारशाच्या दारात ती कोण उभी करू देईल! आईला ताप होता, ती घरी राहिली. मी आणि बाबा माझ्या स्कूटरवर गेलो. दुकान बंद, बाबांचा फोन बंद करून माझ्या पिशवीत.

दुपारी एकच्या सुमारास पंगत बसली. मी बाबांच्या शेजारीच होते. वरणभात कालवता कालवता त्यांचा हात थांबला. बोटं भाताची तशीच. मग हळूच म्हणाले, “रेवा, दुकानात जायला हवं.”

मी जिंकल्यासारखी हसले. “का? करवत आठवली?”

त्यांनी मान डोलावली.

“किती?” मी विचारलं. मोबाइलवर वेळेसकट लिहून घ्यायची तयारी केली. “पुरुष की बाई?”

“पाच फूट दोन,” बाबा म्हणाले. “बाई. सवाष्ण.”

मी ‘पाच फूट दोन’ एवढं टाइप केलं आणि तिथेच थांबले. बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

माझी आई पाच फूट दोन आहे.

मी तिला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा. बाबांचाही फोन चालू केला, म्हटलं तिनं त्यावर केला असेल. केला नव्हता. बाबा हात धुऊन चपला शोधत होते. मावसभाऊ मागे धावत आला, “आवं दादा, आसं पंगतीतनं उठत्यात व्हय? ल्हान लेकराचं कारन हाय!” बाबांनी नुसते हात जोडले.

सोलापूर रस्त्यावर मी स्कूटर कशी चालवली ते मला आठवत नाही. एकदा मागे न बघताच ओरडले, “आई आहे का ती? सांगा ना!”

“मला नाही माहीत,” बाबा म्हणाले. आवाज असा होता की मी पुन्हा विचारलं नाही. तीस वर्षं हा माणूस दर वेळी करवत उचलताना आधी घरातल्यांची उंची मनात मोजत असणार, हे मला तेव्हा कळलं.

हडपसरच्या अलीकडे पिशवीत बाबांचा फोन वाजला. मी कडेला थांबले. अनोळखी नंबर. तरुण माणूस होता, बोलणं विदर्भाकडचं.

“हॅलो… मी तुमच्या दुकानासमोरच उभा आहे. बंद काऊन आहे? आमच्याकडे—”

“पाच फूट दोन ना?” मी त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. “सवाष्ण?”

 मग तो म्हणाला, “हो… माझी ताई.”

“बरं झालं!”

मी म्हणाले. मोठ्यानं. माझ्या तोंडातून गेलं ते. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी हसत होते आणि रडत होते, कारण ती कुणाची तरी ताई होती, माझी आई नव्हती. फोन कधी कट झाला मला कळलं नाही. दहा मिनिटांनी आईचा फोन आला. “अगं, गोळी घेऊन झोपले होते. सतरा मिस्ड कॉल? आग लागलीय का कुठे?”

आम्ही पोचलो तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर बसला होता. तिशीचा असेल, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. बाबांनी शटर उघडलं, न विचारता बांबू काढला, खूण केली, कापायला लागले. तो आधी बाबांच्या हातांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

“फोनवर तुम्हीच होत्या ना?”

“हो. मी… माझं चुकलं. मला वाटलं—”

“माफी राहू द्या. मला फक्त एक सांगा, तुम्हाला कोणी सांगितलं? मी उंची बोललो नव्हतो. ताई आहे की आजोबा, तेही बोललो नव्हतो.” त्याचा आवाज शांत होता, ते जास्त वाईट होतं. “आम्ही दवाखान्यात देवाला हात जोडत होतो, तेव्हाच इकडे फोन आला होता का? आणि तुम्ही म्हणता, बरं झालं.”

मी काय सांगणार होते? वरणभात कालवताना माझ्या बाबांचा हात थांबला? हेच उत्तर दुसऱ्या कुणी मला दिलं असतं, तर मी त्याच संध्याकाळी त्याच्यावर पत्रक काढलं असतं.

बाबांनी करवत खाली ठेवली. “स्वतःच्या आईच्या काळजीनं भेदरली होती ती, म्हणून बोलली,” ते त्याला म्हणाले. “चूक आमची आहे. तुम्ही तक्रार करा. मी नाव लिहून देतो.” आणि खरंच दुकानाच्या कार्डामागे माझं आणि स्वतःचं नाव लिहून दिलं. त्यानं ते घेतलं, सामान घेतलं. तो गेला.

मग बाबा माझ्याकडे वळले. रागावले नव्हते. खरंच उत्सुक होते, असं मला आजही वाटतं. “काय उत्तर द्यायचं यांना, ते तू सांग. तुझा बोलण्याचा धंदा आहे. मला तीस वर्षांत सुचलं नाही.”

बाबांच्या नावाचा मसुदा मी फाडला. ‘मरणाचे दलाल’ मात्र मागे घेतलेलं नाही, कारण ते दलाल खरे आहेत आणि त्यांच्याविरुद्ध मी पुन्हा लिहीन. हा सगळा योगायोग असू शकतो, हेही मान्य आहे. पाच फूट दोन उंचीच्या बायका या शहरात लाखांनी असतील. पण मग बाबांचा हात नेमका त्या मिनिटाला का थांबला?

त्या मुलानं दवाखान्यात तक्रार केली. बरोबर केलं. दवाखान्यानं आमच्याकडे लेखी खुलासा मागितलाय, सोमवारपर्यंत. बाबा म्हणाले, तूच लिही.

चार दिवस कागद समोर आहे. ‘आम्हाला कुणीही, कोणत्याही मार्गाने कळवले नव्हते’ हे पहिलं वाक्य लिहिलंय, खाली सही करायची माझी तयारी आहे. ते खरं आहे. पण ते वाचल्यावर कुणीही ‘मग कसं कळलं?’ असा जो प्रश्न विचारेल, त्याच्या उत्तराचं दुसरं वाक्य मला लिहिता येत नाही.