शंभर टक्के बाई

ही गोष्ट मी बारा वर्षं टाळली. जुन्या मंडळींनी विषय काढला की मी चहा मागवायचो. शंभर टक्के बाई गेल्या महिन्यात वारल्या. आता लिहितो. ज्यांना माझा राग येईल त्यांनी तो खुशाल धरावा.

आमच्या नाशिकच्या ऑफिसात बंधाऱ्यांच्या भिंतींचे ड्रोनने काढलेले फोटो तपासले जायचे. मी प्रमुख, त्या तपासनीस. शेकडो फोटो जोडून भिंतीचं एक प्रचंड चित्र व्हायचं. ते उघडलं की आमचं सॉफ्टवेअर सूचना द्यायचं : चित्र पडद्यात मावत नाही, लहान करून दाखवत आहे. आम्ही सूचना बंद करायचो आणि अख्खी भिंत एका नजरेत बघायचो. बाई मात्र लगेच आकार शंभर टक्के करायच्या. चित्रातल्या एका ठिपक्याला पडद्यावर एक ठिपका. मग पडद्यावर भिंतीचा हातभर तुकडा उरायचा आणि बाई वरच्या डाव्या कोपऱ्यापासून तुकडा तुकडा सरकवत निघायच्या. एका भिंतीला दोन दिवस.

"बाई, संक्रांतीला निघालात, पोचणार शिमग्याला!" आमचा ड्राफ्ट्समन चिडवायचा.

"मी पोचेन. तुम्ही अजून निघालाच नाहीत."

त्या इगतपुरीच्या. वडील रेल्वेत, खांद्यावर हातोडा घेऊन रोज रूळ तपासत चालणारे. मी घाई केली की त्या म्हणायच्या, "साहेब, आमचे अण्णा गाडीच्या खिडकीतून रूळ तपासत नव्हते." लहान केलेल्या चित्राला त्या फोटो म्हणायलाच तयार नसत. "हा सारांश आहे. शंभरातले नव्याण्णव ठिपके गाळलेत यात. भेग त्या नव्याण्णवात असली तर?"

एकदा तशीच निघाली. पावसाळा तोंडावर होता आणि त्या बंधाऱ्याचा ठेकेदार माझ्या केबिनमध्ये अहवालासाठी बसला होता. बाईंना भिंतीच्या डाव्या अंगाला केसासारखी उभी रेघ सापडली होती. मी अख्खी भिंत पडद्यावर आणली. रेघ दिसेना.

"मॅडम, चष्मा बदला," ठेकेदार हसला.

"चष्मा ठीक आहे. टक्के बदला."

"बाई, पुरे," मी म्हणालो.

त्यांनी त्या रेघेचं पूर्ण आकारातलं पान अहवालाला जोडलं होतं. आमच्या मालकांना ठेकेदाराकडून पुढची कामं हवी होती, मला माझी खुर्ची. मी ते पान काढलं आणि 'भिंत निर्दोष' याखाली सही केली.

श्रावणात तिथूनच पाणी फुटलं. माणूस गेला नाही, पण खालच्या शेतांतली भाताची आवणी, नुकती लावलेली रोपं, वाहून गेली. चौकशीत मी सांगितलं, "तपासणी बाईंची होती. त्यांच्या नजरेतून सुटलं."

बाई उभ्या राहिल्या. "सुटलं असं लिहू नका. मला दिसलं होतं. साहेबांनी ऐकलं नाही. मला काढायचं तर मी हे बोलले म्हणून काढा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पेनाचं टोपण लावत बसलो. त्यांना काढलं. दुसऱ्या दिवशी मी माझा संगणक सुरू केला, तर पडद्यावर तेच चित्र उघडं. शंभर टक्के. बरोबर रेघेवर.

ते पान माझ्याकडे आहे. माझी सही खोटी होती, त्यांची नजर खरी. ज्याला शंका असेल त्याने येऊन बघावं.

दोन वर्षांपूर्वी कळलं, त्या येवल्यात असतात. जुन्या पैठण्यांचे फोटो मोठे करून विणकरांना नक्षीतले धागे मोजून देतात. पान खिशात घालून मी एसटीने गेलो. वाटेत वाक्य घोकत होतो : बाई, तुम्हाला दिसलं होतं, मी खोटं बोललो, मला माफ करा.

बाईंचे केस पिकले होते. पडद्यावर मोराच्या मानेचा तुकडा, धागा न् धागा सुटा.

"या साहेब. तिथून काय दिसणार? जवळ या."

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. हात खिशातल्या पानावर होता.

"नाही, दिसतंय मला," मी म्हणालो. "इकडे आलो होतो, म्हटलं सहज डोकावावं."