आईने घेतलेलं नाव

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. दारावरची बेल वाजली की कोण आलं असेल हा विचार माझ्या मनात नंतर येतो. आधी येतो तो, घरात काय काय दिसतंय हा. मोठ्या पलंगावर दोन उशा शेजारी शेजारी पडल्यात का, एकीचं पोलकं दुसरीच्या गाऊनवर वाळत घातलंय का. आई आणि मावशी आता सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत, दोघींच्या गुडघ्यांचं एकच रडगाणं चालू असतं, आणि त्यांच्या उशांशी कुणाला काही देणंघेणं उरलेलं नाही. तरी मी आधी बेडरूमचं दार ओढून घेते आणि मग कडी काढते.

मावशी माझी मावशी नव्हे. आई पुण्याची, लग्न होऊन हैदराबादला आली. वडील मस्कतला नोकरीला गेले आणि हळूहळू तिथलेच झाले. पदरात मी, आणि बँकेच्या परीक्षेसाठी टायपिंग येत नव्हतं, म्हणून आई नारायणगुड्यात एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जाऊ लागली. ती इन्स्टिट्यूट मावशीची. मावशी जन्माची हैदराबादी. मराठी बोलायची पण त्यात निम्मं दख्खनी उर्दू आणि वर तेलुगूची फोडणी. लग्न केलं नव्हतं आणि करायचंही नव्हतं. आई टायपिंग शिकली, बँकेत लागली, आणि मावशी आमच्या घरी राहायला आली. मला आठवतं तेव्हापासून आम्ही तिघीच होतो.

बाहेर काय सांगायचं ते मला पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं होतं. वडील कुठे? मस्कतला. ही कोण? आईची धाकटी बहीण. कुठे झोपते? हॉलमध्ये, दिवाणावर. मावशी मध्येच आडवे प्रश्न टाकायची, "आणि रात्री पाऊस आला, हॉलच्या खिडकीतून पाणी आलं, तर?" मी म्हणायचे, "तर माझ्या खोलीत, खाली गादी घालून." ती खूश होऊन गालाला हात लावायची. मला तो खेळ आवडायचा नाही. चुकलं तर काय होईल हे मी एकदा विचारलं होतं, आणि आईने खोटं न बोलता सांगितलं होतं की तुला नांदेडला काकांकडे घेऊन जातील. त्यानंतर मी कधी चुकले नाही.

त्या वर्षांत आमच्या गल्लीत रोज काहीतरी नवीन येत होतं. केबलवाला आला, कोपऱ्यावर एसटीडी बूथ आलं, मावशीच्या टाइपरायटरांच्या रांगेच्या टोकाला एक कॉम्प्युटर येऊन बसला. त्याला स्वतःचा पडदा होता आणि त्याच्या खोलीत चपला घालून जायची बंदी. सगळे म्हणायचे, आता देशाची दारं उघडली. आमच्याकडे दार उघडायच्या आधी कोण आहे ते विचारायची पद्धत होती.

स्वयंपाकघरात मात्र त्या दोघी वेगळ्या असायच्या. संक्रांतीच्या आसपास नामपल्लीला नुमाईश, म्हणजे मोठं प्रदर्शन, भरते. तिथे आम्ही तिघी दरवर्षी जायचो, लखनवी कुडते बघायचो, मिरची भजी खायचो आणि चेंगरून परत यायचो. एका वर्षी गर्दी इतकी होती की मावशीने एका हाताने मला आणि दुसऱ्या हाताने आईला धरलं आणि फाटकापर्यंत सोडलंच नाही. गर्दीत हात धरला तर कुणी काही म्हणत नाही, हे त्या दोघींना चांगलंच ठाऊक होतं. घरी आल्यावर आईने पदर खोचून, नव्या नवरीसारखा चेहरा करून उखाणा घेतला:

"नुमाईशीच्या गर्दीत सुटला नाही हात,
अमकीचं नाव घेते, करपला की भात!"

अमकीच्या जागी मावशीचं नाव. मावशी हसता हसता ओरडायची, "नाव घेऊ नक्को गं, आधी गॅस बंद कर!" मग हे रोजचंच झालं. भात असो नसो, आई उखाणा घ्यायची, मावशी गॅस बंद करायला लावायची. इतक्या साध्या विनोदावर माणसं इतकं हसू शकतात याचं मला नवल वाटायचं.

आणि पुढच्या संक्रांतीचं हळदीकुंकू आलं.

आमच्या बिल्डिंगीत आणि आसपास मराठी घरं बरीच होती. नवरा मस्कतला असलेली सवाष्ण म्हणून आईलाही आमंत्रणं असायची, आणि मग आमच्याकडेही करावं लागायचं. त्या वर्षी वाणाला प्लॅस्टिकचे रंगीत डबे होते. बायका बसल्या, तिळगूळ झाला, अत्तर लावून झालं, आणि नाव घ्या नाव घ्या सुरू झालं. आईचा एक ठरलेला उखाणा होता, वडिलांच्या नावाचा. अगदी शेळपट. तो तिने म्हणायला घेतला तर बायकांनी तिला थांबवलं. "दरवर्षी तेच काय हो! आज नवीन घ्या, नवीन घेतल्याशिवाय सोडणार नाही."

आईला नवीन एकच येत होता. नंतर ती म्हणाली, मला वाटलं होतं नाव तेवढं बदलता येईल. मी दारात ताट घेऊन उभी होते. "नुमाईशीच्या गर्दीत सुटला नाही हात" म्हणताना तिचा चेहरा खुलला, स्वयंपाकघरात खुलायचा तसाच. मला कळलं होतं. तिला कळायच्या आधी मला कळलं होतं. मावशीचं नाव तिच्या तोंडून पुरतं, स्वच्छ, लाडाने बाहेर पडलं, आणि मग ती थांबली. करपला की भात राहूनच गेलं.

बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, "अय्या, नवऱ्याला विसरल्या, बहिणीचं घेतलं!" आईही हसली. मावशी हातात कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती, ती हसली नाही. आणि वरच्या मजल्यावरच्या काकू हसल्या नाहीत. त्यांनी आईकडे बघितलं, मग मावशीकडे, मग हॉलमधल्या दिवाणाकडे. त्यावर चादर अशी ताणून घातलेली की तिथे कुणी कधी झोपलं असेल असं वाटू नये. या काकूंचं माहेर नांदेडचं, आणि माझ्या काकांच्या घरापासून दोन आळ्या पलीकडचं.

त्यानंतर मला जेवण जाईना. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी थांबून आधी आमच्या दाराकडे बघायचे, बाहेर पुरुषाच्या चपला आहेत का. आईने उखाणा घेणं बंद केलं. उखाणाच नव्हे, मावशीचं नावच घेणं बंद केलं. हाक मारायची तर "अगं", "ऐकलंस का". जुन्या काळच्या बायका नवऱ्याला मारतात तशी. ही गंमत मला फार नंतर कळली, आणि कळली तेव्हा हसू आलं नाही.

उन्हं तापायला लागली आणि एका दुपारी शाळेतून आले तर दाराबाहेर चपला होत्या.

आई बँकेत होती. काका हॉलमध्ये दिवाणावरच बसले होते, पुढ्यात मावशीने ठेवलेलं पाणी तसंच. काका वाईट माणूस नव्हते. मारके असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला जवळ घेतलं, पेढ्यांचा पुडा दिला, आणि मावशीला म्हणाले, "पोरीला जरा फिरवून आणतो."

मावशी म्हणाली, "तिची आई येईपर्यंत थांबा. येईलच आता."

"आईला काय विचारायचंय? आमच्या घरातली पोरगी आहे."

मावशी दारात जाऊन उभी राहिली. तिने माझा हात धरला होता. काका उठले, शर्टाची बाही सारखी केली, आणि अगदी शांतपणे विचारलं, "तुम्ही कोण हो तिच्या? म्हणजे, कोण म्हणून अडवू लालाव?"

मावशी टायपिंगच्या पोरांना दरडावायची तेव्हा शेजारचा चहावालासुद्धा गप्प व्हायचा. तिला तेलुगूत शिव्या येत होत्या, उर्दूत येत होत्या. त्या प्रश्नाला मात्र तिच्याकडे उत्तर नव्हतं. बहीण म्हणाली असती तर काका आईच्या माहेरचं सगळं खानदान ओळखत होते. आणि खरं म्हणाली असती तर मी गेलेच होते. तिने माझा हात सोडला.

काकांनी रिक्षा केली. कुठे म्हणून सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मला काचीगुडा स्टेशन माहीत होतं, नांदेडची गाडी तिथून सुटते हेही माहीत होतं. रिक्षा चौकातून वळली आणि मला वाटलं, संपलं. दप्तर पाठीवरच होतं. मी ते घट्ट धरून विचार करत होते की यात एक कंपास, दोन वह्या आणि डबा आहे, एवढ्यावर नांदेडला किती वर्षं काढायची.

रिक्षा कोठीच्या बाजारात थांबली. काकांनी मला आइस्क्रीम घेऊन दिलं, मग फ्रॉक. आणि दुकानाच्या पायरीवर बसवून विचारलं, "मावशी कुटं झोपती गं?"

"हॉलमध्ये. दिवाणावर."

"आणि पाऊस आला तर? खिडकी दिवाणाला लागूनच आहे की."

"माझ्या खोलीत. खाली गादी घालून."

"आई काय म्हणती तिला?"

"अगं म्हणते."

त्यांनी माझ्या तोंडाला लागलेलं आइस्क्रीम रुमालाने पुसलं. मग म्हणाले, "शहाणी आहेस," आणि मला घरी आणून सोडलं. आई दारात होती, बँकेतून धावत आल्यासारखी. मावशी गल्लीच्या तोंडाशी, उन्हात, पायात चपला नाहीत. मी तिच्यापर्यंत पोचले आणि सगळं आइस्क्रीम तिच्या साडीवर ओकले.

काका जाताना आईला म्हणाले, "वहिनी, परीक्षा झाली की बघू." ते बघू आमच्या घरात कितीतरी वर्षं राहिलं. प्रत्येक उन्हाळ्यात निकाल लागला की मला ताप यायचा. काका पुन्हा आले नाहीत. वडिलांनी तिकडे दुसरा संसार थाटला, मी कॉलेजात असताना रीतसर काडीमोड झाला, आणि नांदेडच्या लोकांना आमच्यात रस उरला नाही. आईने तरीही मावशीचं नाव घेतलं नाही. सवयच मोडली म्हणायची. मला माहीत होतं ती सवय नव्हती.

दिल्लीत अशा जोड्यांच्या लग्नाच्या हक्काचा खटला उभा राहिला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. आमच्या शहरातल्या काही तरुण मुलांनी कोठीजवळ एका छोट्या हॉलमध्ये सभा ठेवली. त्यांचं म्हणणं, लोक विचारतात अशा घरात मुलांचं काय होईल, तर अशा घरात वाढलेल्या कुणीतरी बोलायला हवं. मी हो म्हणून बसले. आई म्हणाली, "कशाला नसती उठाठेव? वरच्या काकू आहेत अजून." वरच्या काकू केव्हाच वारल्या होत्या. मावशी म्हणाली, "हौ, जाऊ या. मला ऐकायचंय ही काय बोलू लाली ते."

मी काय बोलायचं ते पक्कं केलं होतं. त्या रिक्षाबद्दल सांगणार होते. म्हणणार होते की त्या दोघींचं लग्न झालेलं असतं, तर कोण म्हणून अडवता या प्रश्नाला मावशीकडे 'आई म्हणून' हे दोन शब्दांचं उत्तर असतं आणि तिला माझा हात सोडावा लागला नसता. बाकी हक्कांचं मला फारसं कळत नाही. मला तेवढं हवं होतं.

त्या दोघी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मध्ये पर्स ठेवून. मी माइकसमोर गेले. सूत्रसंचालन करणारी मुलगी प्रेमाने म्हणाली, "दीदी, पहले इनसे मिलवाइए. ये दोनों कौन हैं?"

आणि माझ्या तोंडून, जराही न अडखळता, निघालं, "ये मेरी मम्मी. और ये मौसी हैं, मम्मी की छोटी बहन."

मला ऐकू आलं मी काय बोलले ते. पुढचं एकही वाक्य आठवेना, कानात त्या रिक्षाचं इंजिन वाजू लागलं. मी मावशीकडे बघितलं. तिने मान हलवली, राहू दे म्हणाल्यासारखी, आणि तिचा हात पर्सवर होता तिथेच होता. ती रागावली असती तर मला सहन झालं असतं.

मग आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, अर्धवट. माइक मागितला नाही. ती माझ्याइतकीच घाबरलेली होती, मी ओळखते. मावशीने "बैस गं, काय करलालीस" म्हणून तिची साडी ओढली. आईने तिचा हात पर्सवरून उचलून आपल्या हातात घेतला आणि मराठीत, त्या तेलुगू-उर्दू हॉलमध्ये, म्हणाली:

"नुमाईशीच्या गर्दीत सुटला नाही हात..."

आणि तिने नाव घेतलं. पुरतं, स्वच्छ, लाडाने. यावेळी थांबली नाही.

"...करपला की भात!"

कुणाला काही कळलं नाही. टाळ्याही वाजल्या नाहीत. सगळे माझ्याकडे बघू लागले, मी अर्थ सांगेन म्हणून. मी मावशीच्या ओठांकडे बघत होते. मावशी खाली मान घालून बसली होती, चष्मा काढून, आणि एवढ्या वर्षांनी, हळूच, फक्त आईला ऐकू जाईल असं म्हणत होती, "नाव घेऊ नक्को गं. आधी गॅस बंद कर."