काळ्या पडद्यासाठी तीन खेपा

कॉम्प्युटर दुरुस्त करायला बाई आली की लोक तिच्या मागे बघतात. मागून पेटी घेऊन कोणी माणूस येत असेल असं त्यांना वाटतं. गोंदियात माझा छोटा क्लास होता, आठ मशीन आणि एका बॅचला वीस पोरं. पोरांनी बिघडवलेली मशीन उघडता उघडताच मी दुरुस्ती शिकले, आणि मग कोणाचं ना कोणाचं बोलावणं यायला लागलं. दोन हजार आठ-नऊचे दिवस. गोंदियालगत फुलचूरला आमच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, सकाळी क्लास, दुपारी लोडशेडिंग, संध्याकाळी पुन्हा क्लास. त्या वर्षांचं मला काही आठवत असेल तर ते पायांचं दुखणं.

अशातच गुरुजींचा फोन आला. निवृत्त प्राथमिक शिक्षक, सौंदड स्टेशनावर उतरून काळीपिवळी जीपनं अर्धा तास आत त्यांचं गाव. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला नागपूरला गेलेली आपल्या भागातली माणसं शोधत ते आठ वर्षं सायकलवर फिरले होते. कोण कसं गेलं, कोणी भाकरी बांधून दिली, कोणी आडवं आलं, सगळं लिहून घेतलं. त्या वह्या त्यांनी नागपुरातल्या एका माणसाला छापायला दिल्या. माणूसही गेला आणि वह्याही गेल्या. नशिबानं तोवर गुरुजींनी ते सगळं दोन बोटांनी कॉम्प्युटरवर उतरवलं होतं. सांगणारे बहुतेक वारले होते, म्हणजे आता जे होतं ते त्या एका मशीनमध्ये. आणि मशीन सुरू होत नव्हतं.

पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत येत होतं की अमुक फाईल सापडत नाही. विंडोज मेलेलं, हे एका नजरेत कळलं. त्याला उपाय माझ्या पिशवीत होता, लिनक्सची लाइव्ह सीडी. ती टाकली की मशीन आपल्या डिस्कला हात न लावता सीडीवरूनच सुरू होतं, मग आतल्या फाईली बाहेर काढता येतात. सोपं म्हणजे, डिस्क काढून गोंदियाला नेली असती. पण तसं विचारताच गुरुजींनी मान हलवली.

"नाही जी. वह्या एकदा बाहेर गेल्या ते गेल्याच. हे घराबाहेर जाणार नाही."

सीडी टाकली. मेनू आला, पहिला पर्याय निवडला, खालची पट्टी भरत गेली, आणि पडदा काळा. मॉनिटरचा हिरवा दिवा पिवळा झाला. आत सीडी फिरत होती, थोड्या वेळानं सुरू झाल्याची धूनसुद्धा वाजली. मशीन चालू होतं, फक्त दिसत काही नव्हतं. पुन्हा केलं. मग सेफ ग्राफिक्सचा पर्याय घेतला. तेच. मागच्या बाजूला मॉनिटरच्या वायरचा निळा प्लग थोडा तिरका दिसला, तो मी हातानं दाबला. बाहेर काढून पाहिला नाही.

सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीवर, एक म्हातारी पाय पसरून बसली होती. गल्लीतलीच. गुरुजींनी सगळ्यात शेवटी जिची हकीकत टंकली ती ही. गुरुजींची एक शिस्त होती. लिहून झालं की ज्याचं त्याला वाचून दाखवायचं, त्यानं हो म्हटल्यावरच ते पक्कं. एकदा पक्कं झालं की काना-मात्रा बदलायचा नाही. सगळ्यांचं पक्कं झालं होतं, म्हातारीचंच वाचायचं राहिलं आणि मशीन बसलं.

"निंगला का माहा कागद?" तिनं मला विचारलं.

"नाही आजी. पडदा लागत नाही."

"गुरुजीनं म्या सांगतलं तेच लिवलं का आपल्या मनचं लिवलं, मले कसं समजंल? मले वाचता येत नाही. म्हून आयकाचं हाये."

मी विचारलं नव्हतं, तरी तिनं मला सांगितलं. नवरा भीत होता. नागपूरला गेलो तर गावात कोणी कामावर बोलावणार नाही म्हणायचा. "मी म्हटलं, तू राह्य घरी, मी पोरगी घेऊन जातो. पांढरं लुगडं नव्हतं मले, त्याचंच धोतर नेसलो अन् निंगालो. मंग आला मांगंमांगं. मी नेलं त्याले. त्यानं नाही नेलं मले. हे लिवलं पाह्यजे बराबर."

"लिहिलं असेल, आजी," मी म्हटलं. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. तीनला लाईट जाणार होती, गाडी चारची. ती चुकली तर सासूबाईंचं संध्याकाळचं कोणी करणार नव्हतं. लाईट दहा मिनिटं आधीच गेली. आपल्याकडे वेळेआधी येणारी तेवढी एकच गोष्ट. मी सीडी पिशवीत टाकली आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या खेपेला आठ दिवसांनी गेले. दुसरी नवी सीडी, जुनं एक ग्राफिक्स कार्ड, आणि इंटरनेटवरून छापून आणलेले चार कागद. त्यांत कुठल्या कुठल्या देशांतले लोक एकमेकांना काळ्या पडद्यावर तोडगे सांगत होते. सुरू होताना अमुक ओळ टाका, तमुक आकडा टाका. मी सगळं टाकलं. कार्ड बदललं. पडदा काळाच. गुरुजी शेजारी खुर्ची घेऊन बसलेले, प्रत्येक वेळी पट्टी भरायला लागली की पुढे वाकायचे आणि दिवा पिवळा झाला की सावकाश मागे टेकायचे. त्यांचं ते मागे टेकणं मला सहन होत नव्हतं. मला त्यांचाच राग आला. डिस्क नेऊ दिली असती तर कधीच काम संपलं असतं, हे मी बोलूनही दाखवलं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, चहा आणून ठेवला.

म्हातारी त्या दिवशी सपरीत नव्हती. ताप होता म्हणे. निघताना गुरुजी म्हणाले, "मॅडम, जरा लवकर पाहा. तिचं काही खरं नाही."

मी हो म्हटलं आणि पुढचे वीस-बावीस दिवस तिकडे फिरकलेच नाही. क्लासच्या परीक्षा होत्या, सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं, ही कारणं खरीच आहेत. पण जावंसं वाटत नव्हतं हेही तितकंच खरं. जे आपल्याला जमत नाही त्याच्यासमोर पुन्हा जाऊन बसायचा मला कंटाळा आला होता.

तिसऱ्या खेपेला क्लासमधला एक मॉनिटर चादरीत बांधला आणि बल्लारशा पॅसेंजरमध्ये मांडीवर घेऊन बसले. समोरच्या बाईनं विचारलं, "टीवी है क्या?" मी हो म्हटलं. समजावून सांगायची ताकद नव्हती.

माझा मॉनिटर जोडला, सीडी टाकली. पट्टी भरली आणि पडदा लख्ख उजळला. पहिल्याच फटक्यात. मग मी गुरुजींच्या मॉनिटरची वायर हातात घेतली आणि पहिल्यांदा तिच्या निळ्या प्लगच्या आत पाहिलं. टाचण्यांसारख्या बारीक पिनांच्या तीन ओळी, त्यांतली एक पिन आडवी झोपलेली.

"काकू, ही वायर कोणी काढतं का?"

"मीच काढतो जी. वीज चमकली का सगळं उपटून ठेवतो. मांगच्या साली शेजारचा टीवी जळला ना."

इकडे हे सगळेच करतात. हस्ताचा गडगडाट सुरू झाला की भिंतीतला प्लग काढून कोणाचं समाधान होत नाही, मशीनच्या मागची शेवटची वायरसुद्धा सुटी करतात. मग अंधारात ती परत खुपसायची. त्यात पिन वाकली. समोर पडदा आहे आणि तो कसला आहे, हे मशीनला त्या पिनेवरून कळतं. विंडोजला जुनी ओळख होती म्हणून त्याचं अडलं नाही. सीडी बिचारी नवखी, ती विचारत होती, उत्तर येत नव्हतं, आणि कोणीच नाही असं समजून ती चित्र पाठवतच नव्हती. भिवयांच्या चिमट्यानं मी पिन सरळ केली आणि गुरुजींचाच मॉनिटर लावला. लागला. दोन मिनिटं गेली असतील. काखेत कळसा आणि गावाला वळसा. क्लासमध्ये पहिल्या दिवशी मी पोरांना पहिलं वाक्य हेच शिकवायचे की आधी वायर बघा.

गुरुजींना म्हटलं, "आजींना बोलवा."

"गेली ती," ते म्हणाले. "आज चार दिवस झाले."

मी हात चालू ठेवले. फाईली होत्या, सगळ्या. उघडल्या तर अक्षरं इंग्रजी आणि वेडीवाकडी, कारण सीडीवर त्यांचा मराठी फॉन्ट नव्हता. तो डिस्कमधून काढून बसवला आणि मग गुरुजींचं मराठी दिसलं. त्यांनी डोळे पुसले. मी कोऱ्या सीडींवर दोन प्रती केल्या आणि शेवटी म्हातारीची फाईल उघडली.

शाळेच्या पुस्तकासारखी भाषा. 'माझे पती मला व माझ्या मुलीला नागपूरला घेऊन गेले. मी पांढरे वस्त्र परिधान केले होते.'

मी ते वाक्य दोनदा वाचलं. "गुरुजी, हे असं नाही. त्या म्हणत होत्या, मी नेलं त्याले. इथं सपरीत मला सांगितलं त्यांनी. हेच बरोबर लिहिलंय का ते त्यांना ऐकायचं होतं."

गुरुजींनी चष्मा काढला. "माह्याकडून तसं लिहिल्या गेलं असंल," ते म्हणाले. "सगळ्यांचं तसंच असायचं ना, नवरे घेऊन गेले. हात तसाच वळला."

"मग बदला."

"कसं बदलू? तिले वाचून दाखवता येत नाही आता. मेलेल्या माणसाच्या तोंडात मी काय घालू?" त्यांचा आवाज चढला होता, पण तो माझ्यावर नव्हता. मग ते खुर्चीवरून उठले. "तुम्ही आयकलं ना? मंग खाली तुमच्या नावानं लिहा. तुमच्यासमोर काय म्हणाली ते. कोणत्या दिवशी, कुठं, तुम्ही इथं काऊन आल्ता, सगळं. मी खोडणार नाही."

मी त्यांच्या खुर्चीत बसले. काय म्हणाली ते तिच्याच बोलीत लिहिलं, धोतरासकट. खाली माझं नाव लिहिलं. कॉम्प्युटरचा पडदा दुरुस्त करायला आले असताना ऐकलं, असंही लिहिलं. गुरुजींनी ते मोठ्यानं वाचून मला ऐकवलं आणि विचारलं, "बराबर आहे?"

मी हो म्हटलं. तो पडदा पहिल्याच दिवशी, ती सपरीत बसलेली असताना, दोन मिनिटांत लागला असता, हे मी त्यात लिहिलं नव्हतं, आणि गुरुजींनी माझं लिहिलेलं तसंच पक्कं केलं.